प्लगजवळची चावी

बाल्कनीत झोपाळा टांगायचा म्हणून माझी बायको नंदा स्टुलावर चढून छताला भोक पाडत होती. मी खाली स्टूल धरून उभा. सकाळीच आमचं वाजलं होतं आणि राग अजून उतरला नव्हता. तिने जड ड्रिल दोन्ही हातांनी धरलं होतं, डोळ्यांवर चष्मा होता आणि सिमेंटची भुकटी उन्हातून तरंगत खाली येत होती. तिच्याकडे बघता बघता मी मनाने कुठेतरी लांब निघून गेलो.

आवाज थांबला. "प्लग काढ. बिट बदलायचंय," ती म्हणाली.

बिट, म्हणजे ड्रिलचं टोक, सैल करायची चावी सासऱ्यांनी दोरीने प्लगजवळच बांधून ठेवलेली आहे. प्लग भिंतीत असेपर्यंत ती ड्रिलपर्यंत पोहोचतच नाही. आधी वीज तोडायची, मगच टोकाला हात लावायचा.

मी प्लग काढून चावीसकट तिच्या हातात दिला. किती साधी गाठ! रागालाही अशी एखादी चावी बांधता आली असती तर? आपण गरगरत असतानाच एकमेकांना दुरुस्त करायला जातो आणि बोटं सोलून घेतो.

भुकटी तिच्या केसांवर, भुवयांवर बसली होती. नंदा एकदम म्हातारी दिसत होती, आणि फार छान. तिने नवं बिट आवळलं, चावी काढली आणि वायर माझ्याकडे सोडली.

"लावू?" मी विचारलं.

"राहू दे जरा वेळ," म्हणत ती खाली उतरली आणि फरशीवर टेकली. मीही शेजारी बसलो. प्लग माझ्या हातातच होता.