मामाची पेटी आणि साता समुद्रापलीकडचा ऑर्गन

गेल्या रविवारी सकाळी पेणहून रोह्याला मामाकडे गेले. पिशवीत मामीसाठी पोह्याचे पापड आणि माझा छोटा ब्लूटूथ स्पीकर. पापडांचं स्वागत झालं, स्पीकरकडे कुणी बघितलंही नाही...

सध्या मी सोल जॅझच्या नादी लागले आहे. साठच्या दशकातली अमेरिकन रेकॉर्डिंग... एक ऑर्गन, एक गिटार, ड्रम्स, कधी जोडीला सॅक्सोफोन. काळ्या माणसांच्या चर्चमधलं गाणं आणि शनिवारचा नाच एकाच खोलीत येऊन बसलेत असं वाटतं.

अनेक जाणकारांनी या संगीताला नाकं मुरडली. का, तर सोपं आहे, लोक यावर नाचतात! मला याची चीड येते. थकल्याभागल्या माणसाचा पाय ज्यावर आपसूक हलतो ते हलकं, आणि दहा जण आठ्या घालून ऐकतात ते थोर... हा कुठला न्याय? यावर मी तासभर बोलू शकते. बोललेही आहे, आणि समोरच्यांनी घड्याळं पाहिली आहेत.

पण रोह्याला मी वेगळ्याच कामासाठी गेले होते.

मामा रोह्याशेजारच्या धाटावमधल्या एका कंपनीतून रिटायर झाला. तीन शिफ्ट सांभाळून तीस वर्षं त्याने गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवली. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. बाकी सगळं सुधारलं, डावा हात मात्र सुधारला नाही. आणि पेटीचा भाता मारायचा तो डाव्या हातानेच...

मंडळाने भाता मारायला माणूस देऊ केला, तर मामा उसळला. "दुसऱ्याच्या वाऱ्यावर मी वाजवणार नाय!" तेव्हापासून पेटी खोळीत. आणि त्या रविवारच्या आदल्या दिवशी मामीचा फोन... सोमवारच्या भजनाला हे पेटी मंडळाला देऊन टाकणार म्हणतात, तू येऊन बोल गो त्यांच्याशी.

म्हणून मी भाषण तयार करून गेले होते. कला, जिद्द, श्रमिकांचं संगीत वगैरे. मामाने दोन मिनिटं ऐकून घेतलं. "व्हय गो, तुझं समदं खरं हाय. आता तोंड बंद कर नि त्या डबड्यात काय आणलंस ते वाजव."

वाजवलं. मामी खाली बसून भिजवलेले वाल सोलत होती. मामा डोळे मिटून आरामखुर्चीत. ऑर्गन सुरू झाला तसे त्याच्या उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर फिरायला लागली...

"टाळी बघ यांची," मामा म्हणाला. "आपण मारतो तिथं मारीतच नाय. मागून येतात."

मग थोड्या वेळाने, "हा खालचा खर्ज कोण धरतो? चौथा माणूस हाय काय?"

चौथा माणूस नव्हता. ऑर्गनवर काही वादक खर्ज डाव्या हाताने चालवतात, काही पायांनी. या रेकॉर्डिंगमधला वादक तो पायांनी वाजवतो असं मी वाचलं होतं. तसं सांगितलं.

"पायानं?" मामाने डोळे उघडले. "परत लाव."

तीनदा लावलं. मी वरच्या सुरांची तारीफ करत होते, त्याचे कान मात्र फक्त खाली... मग तो उठला, आतून एका हाताने पेटी ओढत आणली, खोळ काढली, भात्याची बाजू खुर्चीकडे येईल अशी पेटी जमिनीवर फिरवली. खुर्चीत बसला आणि उजव्या पायाचा अंगठा भात्याच्या फळीवर ठेवला.

मामी किंचाळलीच. "अहो! पेटीला पाय? दर दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं जिला, तिला लाथ?"

"लाथ नाय गो, भाता मारतोय. तिकडं मारतात."

"तिकडचं तिकडं. ह्या घरात नाय. सरका!"

तिने वालाची परात बाजूला सारली, हात पदराला पुसले, पेटी सरळ केली आणि पेटीच्या मागे बसून भाता हातात धरला. चाळीस वर्षांच्या संसारात तिने पेटीला पुसण्यापलीकडे हात लावला नव्हता. "वाजवा आता. नि माझ्या वाऱ्याला नावं ठेवलीत तर बिरडं मिळायचं नाय."

मामाने पेटीकडे बघितलं, मग तिच्याकडे. मी उरलेलं भाषण गिळलं, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल हे किती कठीण होतं... दुसऱ्याच्या वाऱ्यावर वाजवणार नाही, हे त्याचं वाक्य तिघांनाही ऐकू येत होतं.

मग तो खुर्चीवरून खाली बसला. उजव्या हाताचं एक बोट पट्टीवर टेकलं. सूर निघाला... दीड वर्षाचा धुरळा बसलेला, जरा घोगरा.

त्याने गजर धरला. मामीच्या कानात मात्र अजून ते अमेरिकन प्रकरण घुमत होतं. तिचा भाता तालाच्या जागी येईना, नेमका अर्धी मात्रा मागे. प्रत्येक सूर उशिरा फुगायचा. "अगो, सरळ मार..." म्हणत मामा थांबला, कान देऊन ऐकलं, आणि हसून तिच्या हेलकाव्यात शिरला. आमच्या अंगणातला साधा गजर असा झुलायला लागला की मी उठून... हो, नाचले.

सोमवारी पेटी देवळात गेली, पण मागोमाग दोघंही गेली. मंगळवारी मामीचा फोन. "दंड भरून आलाय गो. नि बाया विचारतात, पुरुषांच्या पंगतीत कशी बसलीस? म्हटलं, मी पंगतीत नाय, पेटीत बसले!"

सोपं संगीत म्हणून नाकं मुरडणाऱ्यांशी माझं भांडण चालूच राहील. पण तासाभराच्या भाषणाने मामाची पेटी उघडली नसती, हे कबूल करते. त्या दूरच्या ऑर्गनवाल्याचे आभार कुठे मानायचे कळत नाही, म्हणून मामीचे मानले. ती म्हणाली, "आभार ठेव तुझ्याकडं. पुढल्या सोमवारी ये नि भाता मार... मलापण एकदा नुसतं ऐकायचंय ह्यांना."