पालकांचा विरोध नव्हता

आमच्या क्लबाच्या स्मरणिकेत मुलींच्या हॉकी टीमबद्दल एकच वाक्य आहे. 'याच काळात काही मुलीही हौसेने हॉकी खेळत असत, परंतु पालकांच्या विरोधामुळे तो उपक्रम लवकरच बंद पडला.' मुलांच्या टीमला अकरा पानं, फोटोंसकट. आम्हाला एक वाक्य, आणि तेही खोटं. ते वाक्य कुठून आलं ते मला माहीत आहे. ते पहिल्यांदा कागदावर उतरलं तेव्हा ज्यांच्या हातात टाक होता ते माझे वडील होते. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला, त्यानंतरची ही दोन-तीन वर्षं. मी चौदाची होते. राजधानी भोपाळला गेल्याचं दुःख इंदूरच्या मराठी घरांत रोज सकाळी चहाबरोबर वाटलं जाई. आमचे अण्णा होळकरांच्या वेळेपासून सरकारी दफ्तरात कारकून. अक्षर मोत्यासारखं. त्या अक्षरामुळेच क्लबाच्या कमिटीची सगळी पत्रं त्यांच्याकडे येत. क्लब जुना होता, मैदान स्वतःचं होतं, आणि मुलांची ज्युनिअर टीम शहरात नावाजलेली होती.

मुलींची टीम निघाली ती एका निवृत्त हवालदारांमुळे. होळकरांच्या पलटणीत ते हॉकी खेळलेले. रियासत गेली, पलटण गेली, आणि क्लबात मैदानाची देखरेख करायचं काम त्यांना मिळालं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. ती रोज सकाळी बापाबरोबर मैदानावर जाई आणि त्यांनी मारलेले चेंडू अडवी. तिचं बघून मी गेले, माझं बघून आणखी दोघी आल्या. चार महिन्यांत आम्ही अकराजणी झालो. पाच-सहा मराठी घरांतल्या, एक मिलमध्ये मुकादमी करणाऱ्या जॉबरची, एक मिठाईवाल्याची, बाकीच्या शाळेतल्या अशाच जमलेल्या. हवालदारकाकांनी सहा ते साडेसात मैदान मागून घेतलं. त्या वेळी मुलं झोपलेली असत, त्यामुळे कोणाची हरकत नव्हती.

स्टिका मुलांनी टाकून दिलेल्या. तुटलेल्या दांड्यांना काका सुतळी गुंडाळून वर सरस लावत. गोलकीपरचे पॅड तिच्या आईनं जुन्या गोधडीत कापूस भरून शिवले होते. पावसात भिजले की ते इतके जड होत की तिला चालता येत नसे. सलवार-कमीज, ओढणी छातीवरून घेऊन कमरेशी गाठ. मी लेफ्ट हाफ होते. काका फारसं बोलत नसत. चुकलं की म्हणत, "पोरी, चेंडूकडे बघ, माझ्याकडे नको." बस. शाबासकी द्यायची असली तर नुसतं 'हां' म्हणत, आणि त्या एका 'हां'साठी आम्ही पळत राहायचो.

दुसऱ्या वर्षी नव्या राज्याच्या शाळकरी वयाच्या मुलींच्या स्पर्धा जाहीर झाल्या, भोपाळला. आमच्या भागातून एकच टीम जायची होती, आणि त्यासाठी महूच्या छावणीतल्या शाळेशी सामना ठरला. त्या मुली आखूड स्कर्ट घालून आल्या. पायात खरे हॉकीचे बूट, प्रत्येकीकडे स्वतःची स्टिक. आमच्यातली एकजण त्यांच्याकडे बघून म्हणाली की आपण घरी जाऊ या. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी गोल केला. मग काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मिठाईवाल्याची मुलगी सेंटर फॉरवर्ड होती. तिनं एक गोल केला, आणि शेवटच्या काही मिनिटांत पेनल्टी कॉर्नरवर दुसरा. आमच्या गोलकीपरनं शेवटचा फटका मांडीवर घेतला. महिनाभर तो काळानिळा डाग ती कोणी विचारलं की दाखवत असे. आम्ही दोन-एकनं जिंकलो. त्याच आठवड्यात क्लबाची मुलांची टीम छावणीकडून हरली होती. वर्तमानपत्रात आमच्या सामन्याच्या चार ओळी आल्या, मुलांच्या हरण्याच्या दोन. माझ्या मते पुढचं सगळं त्या चार आणि दोन ओळींमुळे झालं, पण हे मला सिद्ध करता येणार नाही.

भोपाळला जायची तयारी सुरू झाली. अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या मैत्रिणीकडे आम्ही पांढऱ्या कापडावर लाल पट्ट्या शिवत बसायचो. आमच्या घरी कागद वाया घालवायची पद्धत नव्हती. अण्णा मसुद्यांचे कागद आम्हाला गणितासाठी देत, मागची बाजू कोरी असे. एका संध्याकाळी बीजगणिताचं उदाहरण चुकलं म्हणून मी कागद उलटा केला. अण्णांच्या अक्षरात मसुदा होता. स्पर्धेच्या व्यवस्थापकांना उद्देशून. 'मुलींच्या पालकांची त्यांना परगावी पाठवण्यास संमती नसल्याने आमचा संघ माघार घेत आहे. छावणीच्या संघास संधी द्यावी.' खाली क्लबाच्या अध्यक्षांच्या सहीसाठी जागा सोडलेली.

मी दोनदा वाचलं. मला आधी वाटलं की बाकीच्या दहा घरांनी नकार दिला असणार आणि मला कोणी सांगितलं नाही. मैत्रिणींचाच राग आला. मग लक्षात आलं की 'पालक' या शब्दात आमचंही घर येतं, आणि आमच्या घरात तर कोणी काही म्हणालं नव्हतं.

अण्णा ओसरीवर वाचत बसले होते. मी कागद पुढे धरला आणि विचारलं, "तुम्ही कधी नाही म्हणालात?"

त्यांनी कागद बघितला. म्हणाले, "मी नाही म्हटलंच नाही."

"मग हे?"

"कमिटीनं ठरवलं. मी लिहून दिलं."

"मग पालक म्हणजे कोण?"

त्यांनी कागद बाजूला सारला. चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि वर्तमानपत्र उघडलं. मला त्यांनी ओरडावं असं वाटत होतं. ओरडले असते तर मी रडले असते आणि गोष्ट तिथेच मिटली असती. ते वाचत राहिले. मी तो कागद घडी करून दप्तरात ठेवला आणि सकाळी हवालदारकाकांच्या हातात दिला. बापाचा कागद बाहेर नेला, याची शरम त्या वेळी वाटली नाही. नंतर काही वर्षं वाटली. आता पुन्हा वाटत नाही.

काकांना मराठी वाचायला वेळ लागे. बोट ठेवून ठेवून त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मुलीला म्हणाले, सायकल काढ. त्या दिवशी खेळ झाला नाही. रविवार होता. मुलीला मागे बसवून ते घरोघर फिरले. प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारत, तुम्ही मुलीला भोपाळला पाठवायला नाही म्हणालात का? मिठाईवाले कढईसमोरून उठून आले आणि म्हणाले, "भिया, मैंने कब मना किया? मुझसे तो किसी ने पूछा ही नहीं." जॉबर पाळीवरून आले होते, त्यांनी झोपमोड झाल्याबद्दल कुरकुर केली आणि सही केली. एका घरी आजोबा नको म्हणाले, वडील हो म्हणाले, आणि काका तासभर बसून राहिले. शेवटी आजोबांनीही अंगठा दिला. मंगळवारपर्यंत त्यांचं स्वतःचं धरून दहा घरं झाली. अकरावं आमचं.

काका आमच्या दारात उभे राहिले तेव्हा अण्णा नुकतेच दफ्तरातून आले होते. दोघं एकमेकांना वीस वर्षं ओळखत होते. काकांनी मसुद्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. फक्त संमतीचा कागद पुढे केला. अण्णांनी तो वाचला, बारकाईनं, जणू त्यात शुद्धलेखनाची चूक सापडेल. मग सही केली. तीच वळणदार सही. तेवढ्यात आई आतून आली. तिनं कधी परक्या पुरुषासमोर तोंड उघडल्याचं मला आठवत नाही. ती म्हणाली, "माझीही घ्या. पालक दोघं असतात." टाक हातात धरून तिनं आपलं नाव लिहिलं. अक्षरं एकमेकांवर चढली होती. अण्णा खाली बघत राहिले.

गुरुवारी आम्ही अकराजणी काकांबरोबर अध्यक्षांकडे गेलो. ते वकील होते, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत मोठं घर. आम्हाला अंगणात उभं केलं. अर्ध्या तासानं ते बाहेर आले. काकांनी सह्यांचा कागद दिला. त्यांनी तो न वाचता परत केला. म्हणाले, पत्र गेलंय, छावणीला कळवलंय, आता काही होणार नाही. नवं राज्य, नवी माणसं, तिथे मुली पाठवायच्या आणि काही झालं तर इंदूरचं नाव खराब. आमच्याकडे बघून हसलेही. म्हणाले, बेटा, खेळा ना इथे, कोण मना करतंय.

मग काकांना म्हणाले, "हवालदार, तुम्ही फौजेत होतात. हुकूम काय असतो ते तुम्हाला सांगायला नको."

काका म्हणाले, "हुकूम ठाऊक आहे, साहेब. खोटा रिपोर्टही ठाऊक आहे. फौजेत त्याला सजा होती."

आवाज चढवला नाही. सलाम केला आणि वळले. आम्ही मागोमाग निघालो. गल्लीच्या तोंडाशी सेंटर फॉरवर्ड रडायला लागली. काका तिला म्हणाले, घरी जाऊन रड, रस्त्यात नको. मला तेव्हा ते कठोर वाटलं. आता वाटतं, अध्यक्षांच्या गच्चीवरून कोणी बघू नये एवढंच त्यांना हवं होतं.

छावणीच्या मुली भोपाळला गेल्या. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना सांगण्यात आलं की आमचे आईवडील नाही म्हणाले. पंधरा दिवसांनी काकांना क्लबातून पत्र आलं. मैदानाच्या देखरेखीची गरज उरली नसल्यामुळे त्यांची सेवा समाप्त. त्यांच्या मुलीनं ते शाळेत आणून मला दाखवलं. अक्षर मोत्यासारखं होतं.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी अण्णांना वाढायला उठले नाही. आईनं वाढलं. तिनं मला उठही म्हटलं नाही.

लोक म्हणतात, त्यांचा नाइलाज होता. कारकून माणूस, वकिलाशी वैर कसं घेणार. मी हे पन्नासेक वर्षं ऐकते आहे, आणि बहुतेक वेळा ज्यांचं काहीच गेलं नाही त्यांच्या तोंडून. अण्णा क्लबाचे नोकर नव्हते. हौसेनं पत्रं लिहीत. 'हे मी लिहिणार नाही, दुसऱ्याकडून लिहून घ्या,' एवढं वाक्य त्यांना पुरलं असतं. त्यांनी ते पहिल्या पत्राच्या वेळी म्हटलं नाही, दुसऱ्याच्या वेळीही नाही. माझ्या बापानं मला कधी हात लावला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही, माझ्या शिक्षणासाठी ते नातेवाइकांशी भांडले. हे सगळं खरं आहे. आणि ती दोन पत्रंही खरी आहेत.

आमची टीम तरीही बंद पडली नाही, हे त्या स्मरणिकावाल्यांना मला मुद्दाम सांगायचं आहे. काकांनी अन्नपूर्णेच्या बाजूला एक पडीक शेत गाठलं. दगड वेचायला आम्हाला आठवडा लागला. गोल म्हणून दोन सायकली उभ्या करायचो. तिथे आम्ही आणखी दीड वर्ष खेळलो. छावणीच्या मुली दोनदा येऊन खेळून गेल्या, त्या खड्ड्यांत, त्यांच्या चांगल्या बुटांनिशी. एकदा आम्ही जिंकलो, एकदा त्या.

टीम मोडली ती बदल्यांनी. एकेक दफ्तर भोपाळला हलायला लागलं आणि दफ्तराबरोबर वडील, वडिलांबरोबर मुली. आधी राइट हाफ गेली, मग दोन फुलबॅक एकाच महिन्यात, दोघींचे वडील एकाच खात्यात होते म्हणून. सेंटर फॉरवर्डचं लग्न ठरलं. मग अण्णांचा हुकूम आला. जायच्या आदल्या दिवशी आम्ही सहाजणी होतो. काकांनी तिघी-तिघी करून खेळवलं. मी निघाले तेव्हा ते फक्त 'हां' म्हणाले आणि स्टिका गोळा करायला वाकले. आम्ही भोपाळहून परत यायच्या आत ते वारले. त्यांची मुलगी आता विजय नगरात राहते, दोन्ही गुडघे बदललेले. ती म्हणते, जाऊ दे ना यार, इतकी पुरानी बात. मी तिला म्हणाले, तुझ्या घरी आलेलं पत्र होतं ते, तुला सोडायचं असेल तर सोड. मी नाही सोडत.

पुढे मी इंदुरात परतून शाळेत शिकवायला लागले. सहलीला, स्पर्धेला मुली न्यायच्या असल्या की संमतिपत्रकं जात, आणि काही परत येत ती 'पालकांची संमती नाही' असा वर्गशिक्षिकेचा शेरा घेऊन. तो शेरा मी कधी कागदावरून मान्य केला नाही. शाळा सुटली की त्या मुलीच्या घरी जायची. मुख्याध्यापिका चिडत, सहकारी हसत. निम्म्या वेळा घरी कोणी विचारलेलंच नसे, उरलेल्या वेळी समजावलं की हो म्हणत. एकदा मात्र खरंच नकार मिळाला. मुलीचे वडील टेलर होते. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि समोर बसून स्वच्छ सांगितलं की मला नाही पाठवायची, मॅडमजी, आणि का नाही तेही सांगितलं. मी तासभर भांडले. ते ऐकत राहिले आणि नाहीच म्हणाले. चिडूनच परत आले मी. पण त्या शेऱ्याखाली सही करताना मला पहिल्यांदा माहीत होतं की नाही कोण म्हणालं आहे.