बापाची युनिव्हर्सिटी

"आडनावावरून नीटसं कळत नाही तुझं," माझ्या ताटात वरण वाढता वाढता शिरीष म्हणाला. "मूळ गाव कुठलं?"

गाव सांगितलं. तेवढ्याने भागलं नाही.

"मेडिकलला ओपनमधून, की...?"

"रिझर्व्हेशनमधून."

"मग मी आजारी पडलो तर हिच्या वॉर्डात नका नेऊ रे मला!" सगळं टेबल हसलं. तो माझ्याकडे वळला. "जोक होता गं. यू आर ग्रँड, मनावर घेऊ नकोस."

आयर्लंडमधल्या ट्रली गावातला रविवार. त्याच्या मुलीला अमेरिकेत ॲडमिशन मिळाली म्हणून जेवण होतं. मी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. इथले पेशंट कुठे दुखतं ते सांगतात आणि तपासायला हात पुढे करतात. हा माझ्या भाषेतला माणूस. जात कळल्याशिवाय त्याला घास उतरेना.

वर ज्ञानही देत होता. अमेरिकेत प्रवेश देताना वंश बघणं कोर्टाने बंद केलं, फार बरं झालं म्हणे. आता शुद्ध मेरिट. आणि तिथली काही विद्यापीठं जातिभेदाविरुद्ध नियम करतायत, तो शुद्ध मूर्खपणा. "देश सोडल्यावर जात बघतं कोण?"

तेच तोंड. नुकतंच माझं गाव विचारून झालेलं.

एमबीबीएसला असले विनोद रोज ऐकले. मान खाली घालून. त्या दुपारी मान खाली जाईना. किळस आली होती. माझी नव्हे, त्याची.

त्याची बायको मुग्धा कौतुकाने सांगत होती, "बाबाचीच युनिव्हर्सिटी ना! माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना तिथे जरा झुकतं माप असतं."

मी ताट बाजूला सारलं. "म्हणजे कोटा."

"छे! ती ट्रॅडिशन आहे," शिरीष म्हणाला.

"आम्हाला दाराबाहेर बसवायचे, त्यालाही परंपराच म्हणायचे."

कुणी हसलं नाही.

मुलगी मराठी बोलत नाही, पण कळतं तिला सगळं. "डॅड, इज दॅट हाऊ आय गॉट इन?"

त्याने लोणचं मागितलं. एवढंच उत्तर. अमेरिकेतली डिग्री, आणि पोटच्या पोरीच्या प्रश्नाला लोणचं.

मी उठले. मुग्धा दारापर्यंत आली. "मुलीसमोर नको होतं बोलायला."

"मुलीसमोरच हवं होतं."

आता पुढच्या महिन्यात तो इथल्या मराठी मंडळात मुलांना मार्गदर्शन करणार आहे. विषय, अमेरिकेतले प्रवेश आणि मेरिट. मला मंडळातून फोन आला, तू येऊ नकोस, वातावरण बिघडेल.

मी जाणार. पहिल्या रांगेत बसणार. त्याने मेरिट म्हटलं की उभी राहणार, त्याच्या मुलीचाच प्रश्न विचारणार, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही.

बिघडू दे वातावरण. आजवर ते माझ्या गप्प बसण्यावरच टिकलं होतं.