दहाव्याचा भात

माझा मोठा भाऊ गेला. त्याला मुलगा नाही, एकच पोरगी, म्हणून क्रिया मी केली. दहाव्याला रामटेकला अंबाळ्याच्या तलावावर डोकं-मिशी उतरवली आणि ओल्या धोतरावर उघडाच पायरीवर बसलो. पुढ्यात पत्रावळीवर पिंडाचा भात. कावळा काही शिवेना. माणसं जवळ असली की तो येत नाही, म्हणून सगळे सोयरे मागं झाडाखाली सरकले. शेवटी मीच मोठ्यानं बोललो, "दादा, पोरीचं मी पाहतो गा. जा आता." तेव्हा कुठं एक उतरला.

पलीकडच्या काठावर कोणी कॅमेरा घेऊन उभा होता. मला वाटलं गडाचे फोटो काढून राहिला. काढ बाप्पा. अशा वेळी कोणाशी भांडता?

मागच्या महिन्यात पुतणीचा फोन आला. इथंच नागपुरात ऑफिसात आहे ती. आवाज रडवेला. "काका, बाबाच्या भाताचा फोटो लावला इथं एका प्रदर्शनात. ऑफिसातले सारे पाहून आले. खाली काय लिहिलं ते तुम्हीच पाहा."

गेलो. सिव्हिल लाइन्समधला गारेगार हॉल. दारावर लिहिलेलं, 'वाटेत भेटलेली माणसं'. मी या कॅमेरावाल्याला कधी भेटलो? आत भिंतीवर दारापेक्षा मोठा मी. तुळतुळीत डोकं, बरगड्या, तोंड उघडं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण वाचता येतं मला. खाली होतं: 'दुपारचं जेवण. वाटेकरी कावळा.'

अंगाची आग झाली. जन्म हिंगण्याच्या कारखान्यात गेला, कोणाच्या ताटाकडे पाहिलं नाही. बरं, माझं सोडा. मेलेल्या माणसाचा भात जिवंताच्या तोंडी घातला यानं.

फोटोवाला पोरसवदा, पुण्याकडचा. मला ओळखून खूशच झाला. "आजोबा, तुम्ही! बसा ना, चहा मागवतो."

"चहा राहू दे. यात मी काय खाऊन राहिलो?"

"भात... नाही का?"

"माह्या भावाचा पिंड आहे तो. मागं सारं गणगोत उभं होतं, ते काहून नाही घेतलं?"

त्याचा चेहरा उतरला. "सॉरी आजोबा. मला खरंच कल्पना नव्हती. ओळ बदलतो मी. खरी गोष्ट लिहू, उलट जास्त परिणाम होईल."

परिणाम म्हणे. "त्या दिवशी एक हाक नाही मारता आली तुले?"

"तुमची अवस्था बघून त्रास द्यावासा वाटला नाही."

"मंग फोटो कसा काढावासा वाटला?"

मी म्हटलं, भिंतीवरून उतरव. तर म्हणे आयोजकांना विचारावं लागेल. "विचार. मी बसतो." खुर्ची ओढली आणि माझ्याच फोटोखाली बसलो. एक बाई खालची ओळ वाचून माझ्याकडे पाहायला लागली. म्हटलं, "मीच तो. घरून जेवून आलो बाई, काळजी नका करू."

जेवणाच्या सुटीत पुतणी आली. "काका, चला न. लोक पाहून राहिले."

"पाहू दे वं. त्यासाठीच तं लावला."

संध्याकाळी आयोजकांच्या दोन माणसांनी शिडी आणून फोटो उतरवला. पोरगा म्हणतो, घरी न्या, आठवण म्हणून. असला फोटो कोणत्या घरात टांगतात? त्यानं कॉम्प्युटरमधूनही तो पुसून दाखवला. ऑफिस सुटल्यावर परत आलेल्या पुतणीनं विचारलं, "आणि इंटरनेटवरचा?"

तो खाली पाहून बोलला, "माझ्या पानावरचा काढतो. पण लोकांनी पुढे पाठवलाय. ते आता माझ्या हातात नाही."

पोरीचे डोळे पुन्हा भरले. मी म्हटलं, "तं मंग त्याच पानावर लिही. आत्ता, आमच्यासमोर."

त्यानं मोबाईलवर लिहिलं, पुतणीनं वाचून दाखवलं. फोटो भावाच्या दहाव्याचा होता, गैरसमज झाला, क्षमस्व. गैरसमज दोन माणसांत बोलणं झालं तर होतो. हा माझ्याशी बोललाच नव्हता.

"न विचारता काढला, हेही लिही," मी म्हटलं.

"आजोबा, ते कळतंच की त्यातून."

"नाही कळत. लिही."

ते लिहीपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही.