ताईचा ईसीजी कुणी काढलाच नाही

ताई अंगणात पडली, आणि आम्ही ती उठायची वाट बघत उभे राहिलो.

ती नेहमी उठायची. म्हणून.

आज तिचा स्मृतिदिन. इतकी वर्षं इथे काही लिहिलं नाही. आज लिहिते.

सुमनताई, माझी मोठी बहीण. नव्वदच्या दशकात टोकावड्याच्या शाळेत धावण्यात तिला कुणी गाठायचं नाही. आठवीत शर्यतीच्या मध्येच ती कोसळली. पांढरीफटक. हातापायांना दोन-चार झटके. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल. नाकाशी धरायच्या आतच तिने डोळे उघडले आणि विचारलं, "पहिली कोण आली?"

मुरबाडच्या डॉक्टरांनी झटके आले एवढं ऐकलं आणि फिटच्या गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्यांनी ती वर्गात पेंगायची. हिरड्या सुजल्या, तशी हसताना तोंडावर हात धरायला लागली.

तरी पडायचीच.

कधी एसटी पकडायला धावताना, कधी मागून अचानक हॉर्न वाजला की. बसल्या जागी कधीच नाही. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याचा अर्थ कुणी लावला नाही.

एकदा मला म्हणाली, "पडायच्या आधी छातीत लय धडधडतं गो. मंग काळोख."

मी म्हणाले, "गोळी चुकवली असशील."

"नाय चुकवली."

मी पुढे काही विचारलं नाही.

दोन स्थळं आली, फिटचं कळल्यावर परत गेली. तिसऱ्या वेळी आई म्हणाली, सांगूच नको. ताईने ऐकलं नाही. "खोटं बोलून नाय जायचं मला कुणाच्या घरात."

ती अंगणवाडीत लागली. पोरं तिला बाई म्हणायची. मोठी माणसं पाठीमागे फिटवाली.

चोवीस वर्षांची होती. सकाळची वेळ. अंगणात भात वाळत घातलेलं, त्यात शेळी घुसली. ताई ओरडत तिच्यामागे धावली आणि पडली.

आई म्हणाली, "उठंल आता."

उठली नाही.

काही वर्षांनी माझी सात वर्षांची लेक खेळताना तशीच पडली. चेहऱ्याचा रंगही तसाच. मी तिला घेऊन तडक कल्याण गाठलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी खूप प्रश्न विचारले. धावत होती का? चेहरा कसा झाला? शुद्धीवर आल्यावर लगेच ओळखलं? मोठ्या फिटनंतर माणूस बहुतेक वेळा बराच वेळ गोंधळलेला असतो, म्हणाल्या.

मग विचारलं, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?"

मी ताईचं नाव सांगितलं. ती कशी पडायची, कशी गेली, तेही.

ईसीजीत दोष दिसला. हृदयाचा. ठोके एकदम बेफाम होतात, मेंदूला रक्त पोचत नाही, माणूस कोसळतो. झटकेसुद्धा येतात.

"बहिणीचा ईसीजी कधी काढला होता?"

"नाही."

"मग खात्रीने नाही सांगता येणार. पण बहुतेक हेच असावं."

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

मग म्हणाली, "पोरगी सांगत व्हती. आमीच नाय ऐकलं."

फिट येण्यात लाज कसलीच नाही. पण कुणी धावताना, दचकल्यावर असं पडत असेल, तर ईसीजी काढून घ्या. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

लेकीने आता पंचविशी ओलांडली. रोज हृदयाची गोळी घेते, नोकरीला जाते.

ताई, त्या दिवशी डॉक्टरांना मी तुझं नाव सांगितलं, म्हणून तुझी भाची आज आहे.

तुला मनापासून आदरांजली. जय भीम.