पायरीपायरीला उदो

निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळता चाळता माझी छाती कायमची अधू झाली. अंगणात गेले तरी धाप लागे. धापेची भीती वाटे, म्हणून मी बसूनच राहू लागले. मग न्हाणीपर्यंत जातानाही पाय कापायला लागले. रेणुकाआईनं पाठ फिरवली, असंच वाटे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसून पाय दुबळे होतात, आणि दुबळ्या पायांना लवकर धाप लागते. चाला, थांबा, परत चाला. श्वास ओठांचा चंबू करून हळू सोडा." घरात ते जमे. चारचौघांत तसं तोंड करायची मला फार लाज. ओठ मिटून चालायची आणि घाबरी व्हायची.

तरी डोंगरावरच्या रेणुकेपुढं स्वतःच्या पायांनी उभं राहायचंच, हे मनानं धरलं होतं. डॉक्टरीणबाईंना विचारून, औषधाचा फवारा ओढून मी सुनेबरोबर पायऱ्या चढू लागले. अर्ध्यावर छाती आवळली.

"आत्ती, बास झालं. हितनंच हात जोडा, माघारी जाऊ," सून म्हणाली. तिचं बरोबर होतं. पण आज मागं फिरले तर पुन्हा बाजेवरून उठणार नाही, हे मला कळत होतं.

तेवढ्यात नवस फेडायला आलेली एक म्हातारी पायरीपायरीला हळदकुंकू लावत आमच्यापाशी आली. "आई काय पळून जात्या व्हय गं? मी कुंकू लावंस्तवर उभी ऱ्हा आन् उदो म्हण. लांब म्हण."

ती वाकली. मी म्हटलं, "उदोऽऽ." ओठ आपसूक गोल झाले, श्वास सावकाश बाहेर गेला. सगळेच उदो म्हणत होते, माझ्याकडं कोण बघणार! तिचं कुंकू लावून झालं की आम्ही एक पायरी चढायचो. पोटऱ्या भरून येत होत्या, धापही लागत होती. पण थांबलं की धाप ओसरते, हे आता अंगालाच कळलं होतं.

"सासू पोचती बघ वर," म्हातारी सुनेला म्हणाली, "तुझंच त्वांड उतरलंय." सून हसली.

वर गर्दीत म्हातारी दिसेनाशी झाली. नावही विचारायचं राहिलं. तिला कुणी धाडलं, हे मी माझ्यापुरतं जाणते.

छाती बरी कर, असं मागायचं ठरवून आले होते. आईपुढं उभी राहिले आणि ते मागावंसंच वाटेना. बसून राहणं म्हणजे तिला शरण जाणं नव्हे. पाऊल मी उचलायचं, पुढचं तिच्यावर सोडायचं. डोळे भरून तिला पाहिलं, तिचे उपकार मानले.

उतरताना सुनेनं हात पुढं केला. मी तो धरला, भार मात्र माझ्याच पायांवर ठेवला.