साडूच्या पायाभरणीत कटांगा

माझ्या नाण्यांच्या वजनानं बोईसरची आमची चाळ रेल्वेरुळांकडे चांगली हातभर कलली आहे. खोटं वाटत असेल तर फरशीवर लिंबू ठेवून पाहा. एवढा संग्रह, पण कटांगाचं नाणं माझ्याकडे नव्हतं. ते होतं केळव्याच्या माझ्या साडूकडे, आणि त्याला नाणं नि वॉशर यांतला फरकही मीच शिकवलेला. वाडीवर उतरलेल्या मुंबईच्या एका पाहुण्यानं, यावर केळी आहेत नि तुमच्याकडेही केळी आहेत, एवढ्या कारणावर ते त्याला देऊन टाकलं होतं. साडूनं ते खुंटीवरच्या सदऱ्यात, काडेपेटीशेजारी ठेवलेलं. पाहिलं, आणि चहा निवेपर्यंत मी त्या खुंटीखालून हललो नाही.

मागायची लाज वाटली, म्हणून भीती घालायचं ठरवलं. ओटीवर बसून मी कटांगाची कुंडली मांडली, आणि ती खरीच होती, बहुतेक. काँगोच्या दक्षिणेचा तांब्याच्या खाणींचा मुलूख. पूर्वी तिथं फुलीच्या आकाराचे तांब्याचे ठोकळे देऊन व्यवहार चाले. बाजाराला गेलेला माणूस परत येईतो कुबडा होई, ही भर माझी. काँगो स्वतंत्र झाला न झाला तोच हा मुलूख फुटून निघाला. लगेच स्वतःच्या नोटा, स्वतःची नाणी: एका बाजूला तीच जुनी फुली, दुसऱ्या बाजूला केळी. जगात कुणी मान्यता दिली नाही. अडीच वर्षांत राज्य आटोपलं नि पैसा पोरका झाला. असलं बुडीत राज्याचं नाणं घरात बरं नव्हे, मी म्हणालो, मी नेतो, मला आता सवय आहे.

साडूनं नाणं उन्हात धरलं.

"राज्य गेलं, पन केळी अजून हायत ना?"

"आहेत."

"मंग हे घरात नाय, घराखाली ठेवायचं."

पाहुण्यांसाठी त्याची नवी खोली उठत होती. पायाभरणीला आमच्याकडे कोपऱ्यातल्या खड्ड्यात तांब्या पुरतात. त्यात पंचधातू, सुपारी आणि एखादं चलनातलं नाणं. साडूचं म्हणणं, चलनातला पैसा एका रात्रीत कसा बंद होतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. हा आधीच बंद झालेला, याला आता कोण काय करणार?

आणि नाणं त्यानं माझ्यासमोरच तांब्यात टाकलं.

मुहूर्ताला त्यानं मला हाताला धरून पुढं काढलं. "साडूभाव, माहिती तुमची, पयलं घमेलं तुमचं." सगळी सासुरवाडी बघत होती. मी ते इतकं सावकाश ओतलं, की निम्मं काँक्रीट हवेतच सुकलं.

आता खोली बांधून झाली आहे. रविवारी मुंबईकर पांगले की साडू ती मला फुकट देतो, वर शहाळंही पाठवतो. बायको विचारते, एवढा गुबगुबीत पलंग सोडून दुपारचे त्या कोपऱ्यात जमिनीवर काय पडता?

मी सांगतो, कंबर.